घोळ माशाच्या खवल्यांची ओढणी

मोनिकाबाय रोज सकाळी माझे हात हुंगायची. तिच्या ओट्याच्या पायरीवर मी दोन्ही तळवे पुढे करून उभी राहायची आणि ती खुर्चीतून न उठता वाकून नाक जवळ आणायची. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग मनगटं. तिला पटलं नाही तर ती नुसतं विहिरीकडे बोट दाखवायची. मी विहिरीवर जाऊन रिठ्याने हात घासायची, लिंबाचा पाला चुरडून कोपरापर्यंत चोळायची आणि परत येऊन उभी राहायची. कधी दोनदा, कधी चारदा. थंडीत कातडी फुटून रक्त यायचं. मग पांढऱ्या कापडाला रक्त लागेल म्हणून त्या दिवशी मला शिवणाऐवजी अंगण झाडायला मिळायचं. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. तिच्याकडे शिकायला आम्ही चौघी मुली होतो, पण हात फक्त माझे हुंगले जायचे, कारण वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातली मी एकटी. बाकीच्या तिघी केळीच्या वाड्या असलेल्या घरांतल्या होत्या. त्या ओळीने बसून सुईत दोरा ओवत माझी परीक्षा बघायच्या, आणि मी नापास झाले की एकमेकींना कोपर मारायच्या.

आमचं घर धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. बाप बहुतेक समुद्रावर असायचा आणि घरी असला की झोपलेला असायचा, त्यामुळे घर म्हणजे आय. पहाटे होडी लागली की लिलावाचा गलबला सुरू व्हायचा आणि त्यात आयचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. तो ऐकूनच मी जागी व्हायची. लिलाव आटोपून ती घरी यायची, चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या टाकायची, निखाऱ्यावर दोन सुके बोंबील भाजायची, त्यावर चिंचेचं पाणी आणि मिरची. ते मला वाढून ती पाटी डोक्यावर घेऊन वाड्यांकडे निघायची. मोनिकाबायच्या ओट्यावर ती अशीच मासे घेऊन जायची, आणि एक दिवस तिने तिथे बसून सौदा केला. आठवड्यातून दोनदा चांगला मासा ओट्यावर येईल, त्याच्या बदल्यात माझ्या पोरीला सुई धरायला शिकवा. घरी आल्यावर मला म्हणाली की तुझ्या डोक्यावर पाटी मी चढू देणार नाही, माझी मान बघ. तिची मान खांद्यात रुतलेली होती. मोनिकाबायकडे शिकून जी शिवणाच्या मशीनवर बसली ती मुलगी आयुष्यभर घरात बसून, सावलीत, कापडाचं काम करू शकत होती. आणि जी मशीनवर बसली नाही तिने पाटी घ्यायची. मला तिसरा रस्ता नव्हता, आणि हे मला त्या वयातही पक्कं ठाऊक होतं.

हात हुंगण्याचं मी आयला सांगितलं तेव्हा ती हसली होती. माझा हात स्वतःच्या नाकाशी धरून तिने जोरात श्वास घेतला आणि म्हणाली, "हुंगू दे तिला. मना त काय वास येत नाय." मलाही येत नव्हता. पाचूबंदरात कुणालाच येत नव्हता. आमच्या भिंतींना, गोधड्यांना, केसांना जो काही वास होता तो आमच्या लेखी नुसती हवा होती. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ यात आहे, म्हणून सांगून ठेवते.

मोनिकाबायची वाडी उमेळ्याच्या वाटेवर होती. आज तिथे सात मजल्यांची इमारत आहे आणि तळमजल्यावर मोबाइलचं दुकान. तेव्हा दिवसभर रहाटाची करकर ऐकू यायची, ओट्यासमोर सोललेल्या केळ्यांची सुकेळी वाळत घातलेली असायची आणि ती मोजून ठेवलेली असल्याने आम्ही नुसता वास घ्यायचो. बाय लग्न न केलेली, उंच, नाकाने कांदे सोलणारी. नन्सकडे राहून ती भरतकाम शिकली होती. आमच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, वेदीची आच्छादनं, पाद्र्यांचे झगे, मोठ्या घरच्या नवरीचे गाऊन, सगळं तिच्याकडे यायचं. तिचा हात अलौकिक होता हे मी आज नव्वदीतही नाकबूल करणार नाही. जे द्यायचं ते द्यावं. तिचा टाका उलट्या बाजूने बघितला तरी सुलट वाटायचा. मात्र ज्या दिवसांचं मी लिहिते आहे ते कंट्रोलचे दिवस होते. कापड कार्डावर मिळायचं, आणि मुंबईहून येणाऱ्या चमकणाऱ्या टिकल्या, काचेचे मणी, जरीचा दोरा हे सगळं लढाईपासून बंद पडलं होतं ते अजून नीट सुरू झालेलं नव्हतं. नवरीमुलींना तर चकाकी हवीच होती. बाय जुन्या झग्यांवरच्या टिकल्या उसवून नव्यावर लावायची आणि चिडायची.

खवल्यांची कल्पना माझी. धक्क्यावर घोळ मासा साफ करताना खवले उडतात, रुपयाएवढे मोठे, आणि सुकले की अभ्रकासारखे चमकतात. लहानपणी आम्ही ते कपाळाला लावून खेळायचो. मी मूठभर खवले आणून चुन्याच्या निवळीत तीन दिवस ठेवले, मग रिठ्याच्या पाण्यात उकळले, उन्हात टाकले, पुन्हा उकळले. कात्रीने पाकळीसारखे कापले आणि तापलेल्या सुईने एकेक भोक पाडलं. हळदीत बुडवलेला खवला सोनेरी होतो, बीटाच्या पाण्यात फिका गुलाबी, आणि नुसता ठेवला तर मोत्याचा रंग धरतो. एका रुमालावर मी त्याचं फूल केलं, देठाला केळीच्या खोडाच्या सोपटातला तंतू वळून लावला. बायने तो रुमाल उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग घडी करून स्वतःच्या पेटीत ठेवला. पुढच्या महिन्यात वेदीच्या नव्या आच्छादनावर खवल्यांची फुलं होती, आणि सगळ्या गावाने मोनिकाबायच्या डोक्याचं कौतुक केलं. फुलं सगळी मी केली होती. बाय कौतुक ऐकून मान झुकवायची आणि मी तिच्या मागे पिशवी धरून उभी असायची. माझी नात मुंबईत फॅशन डिझाइन शिकते. तिच्या कॉलेजात या प्रकाराला मिक्स्ड मीडिया म्हणतात आणि त्याचं प्रदर्शन भरवतात. आजी, तू काळाच्या पुढे होतीस, असं ती म्हणाली. मी म्हटलं, काळाच्या पुढे नाही, मी बायच्या मागे होते.

सिसिलिया ही एका मोठ्या वाडीवाल्याची मुलगी, आणि तिचं लग्न मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाशी ठरलं होतं. तिच्या मामाने कुठूनतरी लष्कराच्या हवाई छत्रीचं रेशमी कापड पैदा केलं आणि त्याचा गाऊन शिवायला ते बायकडे आलं. सिसिलिया माप द्यायला आली तेव्हा मी कोपऱ्यात बसून खवले ओवत होते. ती माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली, माझं काम बघत राहिली, आणि मग उठून सगळ्यांसमोर बायला म्हणाली की गाऊन तुम्ही करा, पण डोक्यावरची ओढणी मला हिच्या हातची हवी. मला ते शब्द अजून आठवतात, कारण माझ्या कामाला नाव देणारी ती पहिली. बायने हसून मान हलवली. अगदी गोड हसली. म्हणाली, का नाही, फिलूच करेल, सगळी तिच्या मनाने करेल. सिसिलियाच्या आईलाही तिने दारापर्यंत पोचवताना दोनदा बजावलं की ओढणीत माझा हात नाही, बरं का, ती सगळी फिलूची.

दुसऱ्या दिवशी मी पायरीवर हात पुढे केले तर बाय म्हणाली, राहू दे, आत ये. त्या दिवसापासून तिने माझे हात हुंगणं बंद केलं. मला वाटलं मी जिंकले. एवढी मूर्ख मुलगी मी पुढे आयुष्यात पाहिली नाही.

ओढणीसाठी जाळी विकत मिळत नव्हती, म्हणून मी ती विणली. जाळं विणायची आमची बांबूची सुई असते, तिची मी बोटभर लांबीची बाळसुई करवून घेतली आणि शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याने, जाळ्याच्या गाठीनेच, हात-दीड हात रुंद आणि जमिनीपर्यंत लांब जाळी विणली. त्यावर केळीच्या तंतूंच्या वेली आणि वेलींना खवल्यांची फुलं. दीड महिना गेला. सगळं झालं, पण जाळी मऊ पडायची, फुलांच्या वजनाने खाली ओढली जायची. तिला खळ हवी होती. तांदूळ कार्डावर, पेज पोटाला पुरेना तर ओढणीला कुठून पाजणार. हे मी घरी बोलले आणि दुसऱ्या सकाळी आयने कणगीच्या मागून फडक्यात बांधलेला एक बोत काढून माझ्या हातात दिला. बोत म्हणजे घोळ माशाच्या पोटातली वाऱ्याची पिशवी. ती सुकवून व्यापारी परदेशी पाठवतात, भाव एवढा की आमच्याकडे घरात ती कुणी ठेवत नाही. आयने बापापासून आणि व्यापाऱ्यापासून लपवून ठेवला होता, कशासाठी ते मी विचारलं नाही. ती म्हणाली की हा पाण्यात शिजवला की चिकट खळ होते, तिच्या आजीने याने होडीच्या फटी बुजवलेल्या तिने पाहिल्या होत्या. मी शिजवला. पाण्यासारखी स्वच्छ खळ झाली. जाळी तिच्यात बुडवून वाळवली तर ओढणी आपल्या पायावर उभी राहिल्यासारखी झाली.

शंका मला आली होती. इतकी मी मूर्ख नव्हते. मी आयला हुंगायला दिली, ती म्हणाली नाय. शेजारणीला दिली, ती म्हणाली नाय. पण त्यांची नाकं माझ्याच नाकासारखी, हे मला कळत होतं. वसईत ज्या एका नाकावर माझा विश्वास होता ते मोनिकाबायचं. मी ओढणी तिच्यापुढे धरली आणि विचारलं, बाय, वास येतो का? तिने ओढणी दोन्ही हातांनी घेतली, तोंडाशी नेली, डोळे मिटले. मग मला परत दिली. "नाही गो," ती म्हणाली. "छान झाली आहे." तिच्या तोंडून छान हा शब्द मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. घरी जाताना मी रस्त्याने पळत गेले.

लग्न उन्हाळ्याच्या अगदी शेवटाला होतं, आभाळ भरून यायचं आणि पडायचं नाही असे दिवस. नवरीच्या घरी सकाळी बाय गाऊन चढवायला गेली, मी सामानाची पिशवी घेऊन तिच्याबरोबर. मैद्याच्या फुग्या तळल्या जात होत्या, मांसाच्या इंद्यालाची हंडी उतरली होती, बाजावाले अंगणात तुतारीत फुंकर मारून बघत होते. बायने कोळशाची इस्त्री पेटवायला सांगितली. ओढणी पाटावर पसरून तिने पाण्याचा हात मारला, सढळ मारला, आणि ओल्या जाळीवर सावकाश इस्त्री फिरवली. वाफ तिच्या तोंडावर येत होती. खोलीतल्या दोन बायका बाहेर निघून गेल्या. मला वाटलं उकाड्याने गेल्या.

देऊळ गच्च भरलेलं. मी बायबरोबर बाजूच्या भिंतीशी उभी होते, नवरीच्या गाऊनची शेपटी सावरायला लागली तर म्हणून. आय मागे दाराजवळच्या खांबाशी उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण देवळात यायला बोलावणं लागत नाही, आणि तिला माझी ओढणी बघायची होती. ठेवणीतलं लाल लुगडं, केस पाणी लावून चापून बसवलेले, गळ्यात एकुलती माळ. तिने मला बघून हनुवटी उचलली. बाजा थांबला आणि सिसिलिया बापाच्या हाताला धरून आत आली. खिडकीतल्या उजेडात खवले असे पेटले की बाकांवरून एक आवाज उठला, आणि तो माझ्या हातांसाठी होता. पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, नाकाने नाही. नवरी जसजशी पुढे सरकत होती तसतसे बाकांवरचे रुमाल नाकाकडे जात होते. तिच्या मागे एकेक बाक. आधी शेवटचा, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. आय ज्या खांबाशी उभी होती तिथले लोक तर नवरी येईपर्यंत मजेत उभे होते. मला कळलं. मी बायकडे बघितलं. बाय माझ्याकडेच बघत होती. तिला रुमाल लागला नव्हता.

लग्नाची मिस्सा सुरू झाली. समया, मेणबत्त्या, माणसं, उकाडा. कुजबुज वाढली. नवरीची आई पहिल्या बाकावरून वळून वळून बघत होती, आणि तिची नजर फिरत फिरत दाराजवळच्या लाल लुगड्यावर येऊन थांबली. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. ती वाकून चालत भिंतीपर्यंत आली आणि मला हळू आवाजात म्हणाली, "ती कोळीण तुझी आई ना? तिला बाहेर ने. सगळ्या देवळात वास सुटलाय." मोनिकाबाय शेजारीच होती. ती वाट बघत होती, आणि कशाची ते मला ठाऊक होतं. मी एक वाक्य बोलायचं होतं. वास ओढणीचा आहे, माझ्या खळीचा आहे. बोलले असते तर त्या दिवसापासून पाटी.

मी मागे गेले. सगळे बाक मला वाट देत होते. आयला वाटलं मी तिला पुढे न्यायला आले, जवळून बघायला, आणि ती पदर सारखा करायला लागली. मी म्हटलं, "आये, बाहेर चल."

"का गो?"

"वास येतोय तुझा."

तिने खांद्याकडे मान वळवून लुगड्याचा वास घेतला, आणि हलक्या आवाजात, चुकल्यासारखी म्हणाली, "मी त सकाली दोनदा आंगोल केली गो. रिठा लावून." मी तिचा दंड धरला. तो धरायची गरज नव्हती, ती आपणहून चालत होती. पायऱ्यांपर्यंत तिला सोडून मी परत आत येऊन भिंतीशी उभी राहिले. लोकांनी रुमाल खाली केले होते. नवरीच्या आईने शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं की आता कसं मोकळं वाटतंय. वेदीपाशी फादरांचं नाक अजून आक्रसलेलं होतं, आणि ओढणीखाली सिसिलियाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती बिचारी त्या वासात डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेली, तिला कळलं नसेल असं होणार नाही. तीही बोलली नाही. तिचंही लग्न होतं.

सोमवारी मी वाडीवर गेले. बाकीच्या मुली यायच्या होत्या. बायने मला खुर्चीजवळ बोलावलं आणि दुसऱ्याचा निरोप सांगावा तसं सांगितलं की वास मला पहिल्याच दिवशी आला होता. तू देवळात खरं सांगतेस का ते बघायचं होतं. सांगितलं असतंस तर त्याच दिवशी तुला घालवली असती, वाडीवाल्यांच्या लग्नाची नासाडी केली म्हणून, आणि सगळ्या गावाने मला बरोबर म्हटलं असतं. मी विचारलं, मग आता? "आता तू शिवणारीण होशील," ती म्हणाली. "जीभ आवरता येते तुला. बस मशीनवर." तिने मशीनवरचं फडकं काढलं. आणि मी बसले. माझे पाय पायट्याला जेमतेम पोचत होते. लोक विचारतात तुमची गुरू कोण, तर मी तिचंच नाव सांगते. दुसरं सांगण्यासारखं नाव नाही.

आयला मी काही सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यात सांगणार होते, मग उपवासाच्या चाळीस दिवसांत, मग ईस्टरला, मग राहून गेलं. ती लिंबाच्या साली अंगाला घासायला लागली. राखेने हात घासायची, मग रिठा, मग पुन्हा राख, आणि माझ्यापुढे हात करून विचारायची, बघ गो, हाय काय? मी हुंगायची आणि नाही म्हणायची. ती मान हलवायची. आपल्या पोरीला मायेपोटी खरं सांगवत नाही, असं तिला वाटत असणार. रविवारी ती देवळात जायची, पण पायऱ्यांवर, दाराबाहेर उभी राहायची. पावसात डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन. शेजारणी आत ओढायच्या तर हात सोडवून घ्यायची.

माझं लग्न झालं तेव्हा मी स्वतः शिवलेल्या साध्या पांढऱ्या गाऊनमध्ये होते. तोवर वसईपासून अर्नाळ्यापर्यंत माझ्या हाताला नाव झालं होतं. नवऱ्याकडची माणसं वाडीवाली, शिकलेली, देवळाच्या दारात दोन्ही बाजूंना उभी. आय त्यांच्यापासून चार पावलं लांब, पायऱ्यांच्या कडेला. मी थांबले. म्हटलं, आये, आज तरी आत चल. तिने पदर तोंडावर ओढला, एक पाऊल मागे सरकली.

"नको गो. तुजे कापडाना वास लागल."

सासू दोन हातांच्या अंतरावर उभी होती आणि ऐकत होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, तेच वाक्य, आणि या वेळी डोक्यावर पाटी येणार नव्हती. फक्त सासूने भुवया उंचावल्या असत्या. बाजा वाजायला लागला. मी गाऊन उचलून धरला, आणि तिला पायरीवर ठेवून आत गेले.